एक किलोबाइटची चौकडी

६ जानेवारी

नोकरी संपली की माणसाने रोजनिशी लिहावी, असं कुठेसं वाचलं होतं. नोकरी संपून वर्ष झालं, मुहूर्त आज लागला. कारण आज काम मिळालं. पाणीपुरवठ्याच्या मीटर विभागात जन्म घालवलेल्या माणसाला नुसतं बसवत नाही.

काम असं आहे. आई तरुणपणी विमा कचेरीत कॉम्प्युटरवर होती. खोलीभर यंत्र, आणि त्याच्याशी बोलायचं ते टाइपरायटरवर. जेवणाच्या सुट्टीत तिने त्या यंत्रासाठी एक खेळ लिहिला. यंत्र मनात चार आकडे धरतं, चारही वेगळे. आपण चार आकडे सांगायचे. आकडा बरोबर आणि जागाही बरोबर, तर यंत्र म्हणणार 'घरी'. आकडा आहे पण जागा चुकली, तर 'बाहेर'. 'एक घरी, दोन बाहेर' एवढ्या बोलण्यावरून बारा प्रयत्नांत संख्या शोधायची. नाही सापडली तर यंत्र उत्तर सांगत नाही, 'पुन्हा या' म्हणतं आणि गप्प बसतं. हरलेल्याला फुकट उत्तर द्यायचं नाही, हा आईचा बाणा. कचेरी या खेळाला 'चौकडी' म्हणायची.

परवा तिचा माळा आवरताना त्या प्रोग्रामचा छापील कागद मिळाला, कडेला भोकं असलेला, घड्यांचा. माझ्याकडे घरगुती वापराचे तीन जुने कॉम्प्युटर आहेत, टीव्हीला जोडायचे, चाळीस वर्षांपूर्वीचे. मेमरीप्रमाणे मी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतो. एप्रिलमध्ये वाचनालयाच्या हॉलमध्ये जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन आहे. तोवर चौकडी तिघींवर उतरवायची. हिला सांगितलं तर ही म्हणाली, एक सवत बायका सहन करतात, तुम्ही तीन आणून ठेवल्यात. मला फार हसू आलं.

एक अडचण आहे, ती लिहून ठेवतो. आई एक्याऐंशीची, दोन खोल्यांत एकटी राहते, आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. ताई परगावी असते आणि आईला कायमची तिकडे न्यायचं म्हणते. आईने तिला एकदा सांगून टाकलंय, "ज्या दिवशी मला चौकडी सुटणार नाही, त्या दिवशी मुकाट्याने येईन." ते खोलीभर यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं, त्यामुळे आई निर्धास्त होती. आता मीच घरात चौकडी आणतोय. पण आईला भीती कसली? उलट ती रोज विचारते, कुठवर आलं.

१३ जानेवारी

थोरलीवर खेळ उतरला. आई जेवायला आली होती. कॅसेट लावली, प्रोग्राम आत चढताना होतं ते नेहमीचं किंचाळणं झालं, आणि टीव्हीवर अक्षरं आली तशी आई खुर्ची ओढून बसली. सहा प्रयत्नांत सोडवली. मग पुन्हा पाचांत. चेहरा असा खुललेला, जणू शेजारणीने रेसिपी विचारलीय.

मीही खेळलो. दोन्ही वेळा 'पुन्हा या'. लहानपणी आई कधीकधी कचेरीत न्यायची, तेव्हापासून मी हा खेळ कधी जिंकलेलो नाही. आई म्हणते, मी अंदाज करतो, विचार करत नाही.

२० जानेवारी

धाकटीने घाम फोडलाय. तिची मेमरी एक किलोबाइट, म्हणजे जेमतेम हजार अक्षरं. या वहीत पहिल्या दिवशी लिहिलं, तेवढंही तिच्यात मावणार नाही. आईचा प्रोग्राम त्यात बसवणं म्हणजे ताईचं सामान एका पिशवीत भरणं.

सुरुवातीचं 'नमस्कार, बसा' गाळलं. आईच्या लाडक्या 'पुन्हा या'चं नुसतं 'या' केलं. तरी उतू जातंय.

२३ जानेवारी

बसला! दोन दिवस मान मोडून काम केलं. शेवटची जागा अशी मिळाली: यंत्र एकेक आकडा उचलतं, आणि तो आधी आलाय का हे बघून, आला असला तर दुसरा उचलतं. तो बघण्याचा तुकडा काढून टाकला. आकडा परत आला तर आला. जगात काय परत येत नाही? खेळ थोडा अवघड होईल एवढंच. मग तिन्ही यंत्रांवर एकच खेळ असावा म्हणून थोरलीवर आणि मधलीवरही हीच आटोपशीर आवृत्ती चढवली. जुन्या कॅसेटवरच, कॅसेट वाया कशाला घालवायची.

आईला सांगायला हवं. रविवारी ती येईल तेव्हा सांगतो.

२७ जानेवारी

आई आली, जेवली, गप्पा झाल्या. ताई येणार आहे त्याबद्दलच बोलणं झालं. बाकी विशेष नाही.

टीव्हीला जोडायची वायर आणली. घरी येऊन खण उघडला तर तशीच वायर, कागदातून न काढलेली, आत. दुकानदार म्हणालाही होता, परवाच नेलीत की. मला वाटलं, हा गिऱ्हाइकांत गल्लत करतोय.

२ फेब्रुवारी

ताई आली आहे. संध्याकाळी सगळे जमलो आणि मी मोठ्या ऐटीत धाकटी मांडली. आई बसली. बारा प्रयत्न झाले. सुटली नाही.

आधी कोणाला काही वाटलं नाही. आई मात्र पडद्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अशी संख्याच नसते." मी म्हटलं, दुसरा डाव घे. तो तिने सहांत सोडवला. तिसरा नाही. चौथा नाही. जेवताना ताई आईच्या ताटात भात वाढत राहिली. आईने निम्मा टाकला.

ताई निजायला जाताना मला म्हणाली, "बघितलंस ना?" मी म्हटलं, प्रोग्राममध्ये चूक असेल, उद्या शोधतो.

३ फेब्रुवारी

दिवसभर तपासलं. संख्या मीच ठरवून द्यायची, ३५८१ वगैरे, आणि यंत्र 'घरी' आणि 'बाहेर' बरोबर मोजतं का बघायचं. कितीतरी संख्या देऊन पाहिल्या. एकदाही चुकलं नाही. मधलीवर तपासलं, थोरलीवर तपासलं. खेळ आरशासारखा स्वच्छ आहे.

आईने विचारलं, "तू यात काही गाळलंस का?" मी सांगितलं, नमस्कार-चमत्कार तेवढे गाळले, आणि 'पुन्हा'. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, बरं.

मी म्हटलं, "आई, यंत्र चुकत नाही गं."

"नाही. ते चुकत नाही," ती म्हणाली.

वाईट वाटलं. पण खोटं कसं सांगणार?

१५ फेब्रुवारी

थोरली आईकडे नेऊन ठेवली आहे. ती रोज सकाळी चहा झाल्यावर खेळते. मी जातो, शेजारी बसतो. कधी पाच-सहांत फटकन सुटते, अगदी जुनी आई. कधी बारा झाले तरी नाही. जवळजवळ निम्मं निम्मं.

ताईला फोनवर सांगितलं. तिने तिकडच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असंच असतं, चांगले दिवस आणि वाईट दिवस. निम्मं निम्मं म्हणजे नेमकं तेच की.

२१ फेब्रुवारी

आईने इमारतीच्या जिन्याच्या झाडलोटीची पाळी लावायचं काम सोडलं. इतकी वर्षं ते तिच्याकडे होतं, कोणाची पाळी कधी हे तिला तोंडपाठ. परवा तिने खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना बोलावलं आणि सांगितलं, यापुढे तुम्ही बघा. मास्तरीणबाईंनी विचारलं, का हो, काही चुकलं का? आई म्हणाली, अजून नाही.

हीसुद्धा सारखी माझ्यामागे लागली आहे. म्हणते, आईंच्या आमटीला अजून तीच चव आहे, मला मागच्या आठवड्यातला माझ्या बहिणीचा निरोप त्यांनी शब्दाला शब्द सांगितला, आणि तुम्ही एका खेळण्यावरून निकाल लावताय. मी म्हटलं, खेळणं आईचंच आहे आणि अटही आईचीच. जरा आवाज चढला माझा. ही म्हणाली, गॅस बंद करा, दूध उतू गेलंय. मला वाटत होतं दूध तिने ठेवलंय.

१ मार्च

आईने स्वतःहून ताईला फोन केला. मी तिथेच होतो. म्हणाली, "महिनाअखेर ये आणि मला घेऊन जा. बोललेलं आहे मी." एवढंच. आवाज नेहमीसारखा, भाजीवाल्याशी बोलते तसा. मीच खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

एरवी ताई जिंकली की मी चिडतो. आज चिडायला जोर नव्हता. ताई फोनवर रडत होती, असं आई नंतर म्हणाली.

७ मार्च

आज एक वाईट प्रकार झाला. मी आईकडे गेलो, थोड्या वेळाने मास्तरीणबाईंनी दार वाजवलं. किल्ली बाहेर दाराच्या कुलपाला लटकत होती, कोणीही आत आलं असतं. तेवढ्यात ताईचा फोन, तिने बोलणं ऐकलं आणि काय झालं विचारलं. आई म्हणाली, माझ्याच हातून राहिली असेल.

कुलूप मी उघडलं होतं. पण नंतर किल्ली तिच्या हातात दिली असणार, नेहमी देतो. तिने मग ती पुन्हा बाहेर का लावली कोण जाणे. आईचं खरंच वय झालं.

१४ मार्च

सामान बांधायला सुरुवात. दोन खोल्यांत किती असतं! भांड्यांची ट्रंक भरली. कुंड्या मास्तरीणबाईंना दिल्या. आईने तिचं शिवणाचं मशीन आम्हाला दिलं, आणि हिने ते घेताना आईच्या पाठीवर हात ठेवला, तर आई म्हणाली, सुई तिरकी आहे, बदलून घे.

घर एका जोडप्याने बघून ठेवलंय. त्यांना खिडकी आवडली.

हिला आज एक नवा विनोद सुचला. म्हणाली, एक सवत बायका सहन करतात, तुम्ही तीन आणून ठेवल्यात. लिहून ठेवण्याजोगा आहे. मी हसलो, पण ही हसत नव्हती. म्हणाली, "अहो, मीच म्हटलं होतं हे, तुम्हाला आठवत नाही?" मी म्हटलं, तूच म्हटलंस ना, म्हणून तर हसतोय.

२३ मार्च

आजचं आजच लिहून ठेवतो.

प्रदर्शन जवळ आलं म्हणून धाकटी पुसायला काढली. तिची बटणं म्हणजे सपाट पत्र्यावर छापलेले चौकोन, त्यातलं सातचं हल्ली अडकतं, एकदा दाबलं की दोनदा उमटतं. ही चहा घेऊन आली होती. म्हटलं, तू खेळून बघ, बटण कसं आहे कळेल. हिला चौकडीत काही रस नाही. वाटेल ते आकडे दाबत बसली आणि मध्येच ४, ०, ७ दाबलं, तर ७ दोनदा उमटला. ४०७७. मी म्हटलं, हा प्रयत्न वाया गेला, आकडे वेगळे असावे लागतात. तोवर पडद्यावर आलं: तीन घरी.

ही म्हणाली, "तीन म्हणजे चांगलं ना?"

मी म्हटलं, पुढे खेळ. हिने चारच्या जागी एकेक आकडा घालून पाहिला. ९०७७ ला चारही घरी आले.

आईच्या खेळात दोन साते असूच शकत नाहीत. मी आईचा छापील कागद काढला, शेजारी माझा प्रोग्राम ठेवला आणि ओळीमागून ओळ बोट ठेवत गेलो. आकडा आधी आलाय का ते बघणाऱ्या ओळी माझ्यात नव्हत्याच. कुठे गेल्या? मी काढल्या नव्हत्या. देवाशपथ, मला काढल्याचं आठवत नव्हतं. मग ही वही मागे चाळली, तर २३ जानेवारीला माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं. आईला सांगायचं, हेसुद्धा.

चार आकडे असे आंधळेपणाने उचलले तर जवळजवळ निम्म्या वेळा एखादा परत येतो. चांगले दिवस आणि वाईट दिवस! आई एकदाही चुकली नव्हती. जी संख्या तिच्या नियमाने असूच शकत नाही, ती तिने शोधायची, असं मी तिला रोज सकाळी बसवत होतो. आणि वर म्हणत होतो, यंत्र चुकत नाही गं.

मी रडलो. हिने माझं डोकं धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. म्हणाली, उद्या सकाळीच आपण जाऊ. मी म्हटलं, तू कशाला, चूक माझी आहे. म्हणाली, मी येणारच.

२४ मार्च

गेलो. आई ट्रंकेवर बसून वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ओळी कोणत्या, कधी काढल्या, का काढल्या. वाटलं होतं, कपबशी फेकून मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं.

तिने विचारलं, "किती जागा वाचली त्यात?"

"अगदी थोडी."

"मी तुला विचारलं होतं, काही गाळलंस का."

"हो. मी नाही म्हणालो. आई, मला खरंच आठवत नव्हतं."

"ते मला कळलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुलाच हे सुचायला हवं होतं, खेळ तुझा आहे. एकदा एकच आकडा दोनदा दाबून पाहिला असतास तर तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. ती म्हणाली, बोट गेलं होतं, पहिल्याच आठवड्यात, पण मागे घेतलं. मी विचारलं, का?

आईने हातातली बशी पूर्ण गुंडाळली, ट्रंकेत ठेवली, आणि मग बोलली.

"दोघांपैकी एक जण विसरत होतं. मला वाटलं, मीच असले तर बरं."

मी हसलो. म्हटलं, बघ, तू नव्हतीस, तुझं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे, आता कुठे जायची गरज नाही. तिथूनच ताईला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. ताई आधी माझ्यावर ओरडली, मग म्हणाली, आईला दे. आईने फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेली. बराच वेळ बोलत होती. नंतर हिलाही आत बोलावलं. दार लोटलेलं होतं. बाहेर आल्या तेव्हा हिचे डोळे लाल होते. बायकांचं असंच असतं, आनंदालाही रडतात.

ट्रंक उपसली. भांडी परत फळीवर लावली. त्या जोडप्याला नाही म्हणून कळवलं. मास्तरीणबाई कुंड्या स्वतःच वर घेऊन आल्या.

निघायच्या आधी आई म्हणाली, "खेळ नीट कर आणि रोज सकाळी इकडे येत जा. मी नाही खेळायची आता. तू खेळायचंस, मी शेजारी बसेन."

मी म्हटलं, मला कुठे येतो तो खेळ, माहीत आहे तुला. म्हणाली, म्हणून तर. ताईसुद्धा शुक्रवारी येते आहे, राहायला. आता तिने कशाला यायचं, मी विचारलं. आई म्हणाली, तिला तुला भेटायचंय.

थोरलीवर त्या ओळी तिथेच परत घातल्या आणि आईसमोर एक डाव खेळलो. सातव्या प्रयत्नाला मी तिच्याकडे वळून म्हटलं, हे बघ, तीन बाहेर. तिने टीव्हीकडे पाहिलंच नव्हतं, माझ्याकडेच बघत होती. तिचं घर राहिलं, तिचं डोकं ठणठणीत निघालं, तिला केवढा आनंद व्हायला हवा होता. तो का झाला नाही, ते मला अजून कळलेलं नाही. उद्या सकाळी जाईन तेव्हा विचारतो.